कोषातून निघालेल्या माश्या

परोपजीवी माशी ओळखायची तर ती दिसते कशी यापेक्षा तिनं खाल्लं कुणाला, याची नोंद आधी हवी. 2019 च्या पावसाळ्यापासून सांगलीतल्या आमच्या परसबागेत जे काही पाहिलं, त्याच्या वह्या परवा सलग वाचून काढल्या. त्यातून ठळकपणे पुढे आलं ते हेच.

पहिल्या दोन वर्षांच्या पानांवर फोटोच फोटो आहेत. राखाडी अंग, पाठीवर काळ्या रेघा, पोटावर ताठ राठ केस. अशा माश्या बडीशेपेच्या, कोथिंबिरीच्या फुलोऱ्यावर सकाळी हमखास असतात. त्यांतल्या निम्म्या टॅकिनिड कुळातल्या, म्हणजे दुसऱ्या किड्याच्या अंगात वाढणाऱ्या, आणि उरलेल्यांत मांसमाश्या बऱ्याच. दोघींत फरक करायची खूण आहे, पण ती अडचणीच्या जागी. पाठीच्या शेवटी जी त्रिकोणी ढाल असते, तिच्याखाली टॅकिनिड माशीला आणखी एक लहानसा फुगवटा असतो. मांसमाशीला तो नसतो. शिवाय मांसमाशीच्या मिशीवरचा केस बुडाशी पिसासारखा फुटलेला, टॅकिनिडचा बहुधा साधा. वरून काढलेल्या सुंदर फोटोत यातलं काहीच दिसत नाही. बाजूनं, किंचित मागून काढलेला कुरूप फोटो कामाचा. तरीही गाडी कुळापर्यंतच पोचते. जगभरात या कुळाच्या साडेआठ हजारांच्या आसपास जातींना नावं मिळाली आहेत. फोटोवरून त्यांतली नेमकी एक उचलणं म्हणजे नशिबाचा भाग.

2021 पासून वहीचं रूप बदललं, कारण तेव्हापासून अळ्या डब्यात ठेवायला लागलो. कुंपणाशी रुई आहे. तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या असतात. डब्यातली अळी धडधाकट वाढते, कोष करते, कोष हिरवा दिसतो, आणि मग कधीतरी त्यावर तपकिरी डाग पडतात. दुसऱ्या दिवशी कोषातून एक पांढरा चिकट धागा खाली लोंबतो. माशीची अळी त्या धाग्यावरून तळाला उतरते, आणि तिथं तिची लालसर तपकिरी कुपी होते. त्या कुपीतून आठवडा-दोन आठवड्यांत माशी निघते. ती बहुधा स्टर्मिया कन्व्हर्जन्स. रुईवर पोसणाऱ्या या फुलपाखरांच्या मागे ती आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. कोणत्या झाडावरची कोणती अळी, हे माहीत असल्यामुळे हजारो शक्यतांमधून काही मोजक्याच उरतात.

ही माशी अळीला शिवतसुद्धा नाही. सूक्ष्म अंडी पानावर घालून निघून जाते, अळी पानाबरोबर ती गिळते, आणि ती पोटात फुटतात. याच कुळातल्या दुसऱ्या माश्या मात्र पांढरं अंडं अळीच्या कातडीवरच चिकटवतात. आत शिरलेल्या पाहुण्याला अळीचं शरीर पेशींच्या थरानं कोंडू पाहतं, तर टॅकिनिडची अळी त्याच थराचं नळकांडं करून घेते आणि त्यातून बाहेरची हवा ओढते. कोंडायला आलेल्या भिंतीतच खिडकी! महत्त्वाचे अवयव ती शेवटी खाते, म्हणून यजमान अळी शेवटपर्यंत पानं चावत राहते.

डब्यातून माशी निघाली म्हणजे तीच मारेकरी, असंही नाही. 2022 च्या पानांवर लिंबावरच्या अळ्यांमधून निघालेल्या बारक्या, कुबड्या माश्यांची मोठी नोंद आहे. त्या फोरिड, आधीच मेलेल्या, कुजलेल्या कोषावर जमणाऱ्या. कोष मेला कधी आणि माशी आली कधी, या दोन तारखा वेगळ्या लिहायची सवय तेव्हापासून.

भिंतीवर कुंभारीण गांधीलमाशी मातीची घरटी करते, तिथं वेगळाच कारभार चालतो. काळसर पंखांची बी-फ्लाय, ही दुसऱ्या कुळातली परोपजीवी माशी, घरट्यासमोर हवेत तरंगत राहते. या कुळातल्या अनेक माद्या पोटाच्या टोकाशी असलेल्या पिशवीत वाळू भरून घेतात, अंड्यांना ती वाळू फासतात आणि उडता उडता अंडी भोकाच्या दिशेनं झटकतात. हिला ओळखायला पंखांवरचा काळा नकाशा बराच उपयोगी पडतो. टॅकिनिडपेक्षा फार सोपं.

नावांचा गुंता आपल्या बागेपुरता नाही. ओरिएंटल प्रदेशातल्या टॅकिनिड माश्यांचा एकत्र आढावा लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या रॉजर क्रॉस्की यांनी 1976 मध्ये छापला. आजही भारतातल्या माशीचं नाव शोधताना हात तिकडे जातो. त्याआधीच्या पिढीत अमेरिकेचे चार्ल्स टाउनसेंड होते. त्यांनी या माश्यांचे हजाराहून जास्त नवे वंश मांडले, आणि त्यांतले कितीतरी पुढे एकमेकांत विलीन करावे लागले. हेच टाउनसेंड 1927 मध्ये लिहून गेले की हरणांच्या नाकात वाढणारी एक माशी ताशी 800 मैलांहून जास्त वेगानं उडते. 1938 मध्ये नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युर यांनी हिशेब मांडून तो वेग ताशी 25 मैलांवर आणला. वंशांची छाटणी मात्र अजून चालू आहे.

नाव नेमकं का हवं, याला शेतात मोल आहे. आमच्या ऊसपट्ट्यात खोडकिड्याच्या अळीत वाढणारी स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स ही मित्रमाशी. हरभऱ्याच्या घाटेअळीत कार्सेलिया इलोटा, तीही मित्र. पण मराठवाड्यात तुतीवर रेशीम काढणाऱ्याला विचारा: उझी माशी, म्हणजे एक्झोरिस्टा बॉम्बायसिस, त्याच्या घरात शिरली की अळीवर अंडी घालते, आणि तिची अळी कोष भोकसून बाहेर पडली की त्या कोषाचा सलग धागा निघत नाही. ही माशी आधी बंगालच्या बाजूला होती. 1980 मध्ये कर्नाटकात पोचली आणि रेशीमउद्योगाला हादरवून गेली. संगोपनगृहाला जाळी आणि उझीच्या कुपीवर नेसोलिंक्स थायमस नावाचा बारीक परोपजीवी कीटक सोडणं, हे उपाय तेव्हापासूनचे. म्हणजे परोपजीवीवर परोपजीवी. विदर्भातल्या टसरची उझी पुन्हा वेगळी, ब्लेफारिपा झेबिना. सरसकट 'मित्रकीटक' म्हणून या माश्यांचं कौतुक करणाऱ्या लेखांवर माझा म्हणून विश्वास बसत नाही.

अमेरिका हे महागात शिकली. स्पाँजी मॉथ या पतंगाचा बंदोबस्त करायला 1906 मध्ये युरोपातून कॉम्पसिल्युरा कॉन्सिनाटा आणली. ती दीडशेहून जास्त जातींच्या अळ्यांवर वाढते, आणि तिकडचे मोठे रेशीम-पतंग घटले त्याचा बराच दोष संशोधकांनी 2000 मध्ये तिला दिला.

गेल्या पावसाळ्यापासून वहीत फोटो कमी आणि चिठ्ठ्या जास्त आहेत. प्रत्येक माशी अल्कोहोलच्या बाटलीत, सोबत तिची रिकामी कुपी आणि यजमानाचा कोष, चिठ्ठीवर झाड, अळी आणि तारखा. कडीपत्त्यावरच्या अळ्यांमधून निघालेल्या माश्या अजून नाव नसलेल्या आहेत. त्या सगळ्या माद्या निघाल्या, आणि जात पक्की करायला बहुधा नराचे जननावयव उघडून पाहावे लागतात. यंदा कडीपत्ता छाटलेला नाही.