सड्यावरची पोरं

"आमच्याकडे तसला काय नाय ओ. सगळी पोरां शाळेत जातत."

सिंधुदुर्गात बालमजुरीचं नाव काढा, उत्तर हेच मिळतं. सरपंच देतात, चहावाला देतो, निवृत्त शिक्षक तर जरा दुखावूनच देतात. आणि ते खोटं नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात साक्षर माणसं शंभरातली पंच्याऐंशी होती. कोकणाला २०१२ साली स्वतःचं विभागीय मंडळ मिळालं, तेव्हापासून दहावीच्या निकालातला पहिला नंबर कोकणाने आपला मानलेला आहे. आमची पोरं शाळेत जातातच. अडचण आहे ती 'आमची' या शब्दात.

गेल्या मार्चमध्ये मालवण तालुक्यातल्या एका सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, चिरेखाणीत गेलो होतो. खाण म्हणजे जांभ्या दगडात कापलेला चौकोनी खड्डा, पुरुष-दीड पुरुष खोल. मशीनचं पातं दगडात घुसलं की लाल धूळ अशी उठते की समोरचा माणूस दिसेनासा होतो. कापलेला चिरा पहारीने सुटा करायचा, उचलून वर आणायचा, थप्पी लावायची. एक चिरा पंचवीस-तीस किलोंचा. काम करणारी माणसं विजापूर-बागलकोटकडची, दिवाळी झाली की येणारी आणि पाऊस तोंडावर आला की परतणारी.

थप्पीजवळ नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी होती. कडेवर भाऊ, भुवयांवर लाल धुळीचा थर, डोक्याला आईचं जुनं फडकं. ट्रकमध्ये चिरे चढत होते आणि ती मोजत होती. मराठीत, स्वच्छ उच्चारात. मध्येच आईला पाणी नेऊन देत होती, येताना वाटेतले तुकडे पायाने बाजूला सारत होती. मुकादमाने माझी नजर ओळखली. "ती कामाक नाय. आवशीवांगडा इली हा."

तो खोटं बोलत नव्हता. तिला कुणी कामावर ठेवलंच नव्हतं. मजुरी चिऱ्यांच्या नगावर, ती मिळते नवरा-बायकोला मिळून, आणि त्यातूनही आधी उचल फिटायची असते. ऊसतोडीत जोडप्याला 'कोयता' म्हणतात, तिथेही हिशोब असाच. एक कोयता म्हणजे दोन माणसं. तिसरं जे पाचटात फिरतं, मोळीला हात लावतं, धाकट्याला झोपवतं, ते हिशोबात नसतं. या मुलीने भावाला खाली ठेवलं तर आईला त्याला उचलावं लागेल, आणि मग चिरा उचलणार कोण? पोरीची मजुरी आईच्या मजुरीत मुरलेली असते. हजेरीपट चाळून ती सापडायची नाही.

कायदा मात्र इथे गोंधळलेला नाही. १९५२च्या खाण कायद्याने अठरा वर्षांखालच्या माणसाला खाणीत कामाला मनाई केली, आणि उघडी चिरेखाण हीसुद्धा खाणच. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी आली. एक खिडकी मात्र उघडी ठेवली: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्या कामाला, घरच्या धंद्याला हातभार लावला तर चालेल, काम धोक्याचं नसलं म्हणजे झालं. खाण काही त्या मुलीच्या बापाची नाही. पण 'आईबरोबर आलीय' हे वाक्य त्याच खिडकीतून आत शिरतं आणि तपासणीला आलेला माणूसही मान डोलावून जातो.

या खिडकीला सरसकट नावं ठेवायला मी तयार नाही. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. पहाटे होडी जाळं टाकून येते, दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना माणसं लागतात आणि त्या रांगेच्या शेपटाला वाडीतली पोरं असतात. दोरीला हात लावला म्हणून ओंजळभर मासळी मिळते, ती आईच्या हवाली करून पोरगं आंघोळ करतं आणि शाळेत जातं. दोरीचा पीळ, पाण्याची ओढ, वाऱ्याची दिशा हे ते तिथेच शिकतं. याला बालमजुरी म्हटलं तर मालवणात कुणी ऐकून घेणार नाही, मीही नाही. यांत्रिक बोटीवरचं काम निराळं. मिसरूड न फुटलेला नेपाळी पोरगा बंदरात बर्फाची लादी फोडताना दिसतो. वय विचारलं की 'अठरा' म्हणतो, पाठ केल्यासारखं.

वयाच्या या गणितावरून मला आजोबा आठवतात. त्यांना दोन वयं होती.

तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचं, आणि मुंबईच्या गिरण्यांना सर्वात जास्त माणसं पुरवणारा जिल्हा तोच होता. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१चा. त्याने सात वर्षांच्या पोराला गिरणीत घ्यायला मुभा दिली होती, फक्त बारा वर्षांपर्यंत दिवसाला नऊ तासांवर राबवायचं नाही, एवढंच. १८९१ साली वय सातावरून नऊ झालं आणि तास सात. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, संघटना उभी केली, ती या दोन कायद्यांमधल्या दशकातली गोष्ट. १९२२मध्ये किमान वय बारा ठरलं. आजोबा त्याच वर्षी आगबोटीने मुंबईला गेले, अकराव्या वर्षी. घरात सांगत ते असं: डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि बारा लिहिले. मरेपर्यंत त्यांचं गावचं वय एक होतं आणि गिरणीच्या कागदावरचं एक. परळला गावमंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याला मनीऑर्डर करायची. बॉबिनं बदलताना कापली गेलेली करंगळी ते आम्हाला गंमत म्हणून दाखवत.

त्या मनीऑर्डरींवर आमची घरं उभी राहिली, वडील मॅट्रिक झाले, मी हे लिहितो आहे. मग कोकणातला माणूस शिकला, मुंबईला गेला, तिथेच राहिला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या आठ लाख अडुसष्ट हजारांवरून आठ लाख एकोणपन्नास हजारांवर आली. पण घरं बांधायची थांबली नाहीत. गावी बंगला हवा, १९९७ला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यावर तर पाहुण्यांसाठी खोल्याही हव्यात, आणि त्या चिऱ्याच्याच हव्यात, फोटोत छान दिसतात. चिरा काढायला घरचं माणूस नाही. आपली पोरं एके काळी आपण मुंबईला धाडत होतो. आता विजापूरची पोरं आपल्याकडे येतात. माझ्या घराच्या नव्या पडवीचे चिरे कुठल्या खाणीतले, हे मी मुकादमाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जगाचे आकडे याहून फार वेगळं सांगत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५च्या अहवालानुसार जगात १३ कोटी ८० लाख मुलं मजुरीत अडकलेली आहेत. त्यांतली ६१ टक्के शेतीत, म्हणजे बहुतेक करून आईबापांच्या मागे-पुढेच. भारताच्या २०११च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची एक कोटीहून जास्त काम करणारी मुलं नोंदली गेली. २००१मध्ये ती सव्वा कोटीच्या पुढे होती. आकडा घटला ही चांगलीच गोष्ट. चिरे मोजणारी पोर त्यात कुठल्या रकान्यात बसते, एवढंच मला कळत नाही.

सड्यावरून खाली उतरलं की दीड किलोमीटरवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन वर्ग, दोन शिक्षक, पट अकरा. पट आणखी घसरला तर शाळेचं काय होणार ही वाडीची कायमची चिंता. खाणीवर तेव्हा शाळेच्या वयाची सात मुलं होती. शिक्षण हक्क कायद्यात दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही; वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. गुरुजींना हे ठाऊक होतं. ते मोटरसायकलवरून सड्यावर गेले, आईबापांशी मोडक्या हिंदीत बोलले आणि चार मुलांना घेऊन आले. त्यांत ती मोजणारी होती. भावासकट, कारण दुसरा इलाजच नव्हता. तो वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यावर झोपायचा.

तिला एकही अक्षर येत नव्हतं, मराठी नाही की कानडी नाही. गुरुजींनी अंक विचारले तर ती एकापासून सुरू झाली आणि थांबेना. शंभर झाले, दोनशे झाले, वर्गातली पोरं लिहायचं सोडून तिच्याकडे बघत राहिली. तीनशेला ती गप्प झाली. पुढे? तिने मान हलवली. ट्रक तीनशेला भरतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खाण बंद झाली, भांडीकुंडी टेम्पोत चढली. १५ जूनला मी शाळेत गेलो तेव्हा सड्यावरच्या खड्ड्यात तांबडं पाणी साचलं होतं. गुरुजी नवा पट लिहीत होते. चार नावं त्यांनी गाळली नव्हती. समोर पेन्सिलीने 'गावी' असं लिहून पुढचे चौकोन कोरे सोडले होते.