बिनतारी जाळें आणि लिनक्सचा लॅपटॉप

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या एका गृहस्थांनीं आपल्या मुलासाठीं एक वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चें नेहमींचें साह्य बंद झालें, व पुढील विंडोज त्या जुन्या यंत्रावर चढेना. म्हणून मुलानें त्यावर लिनक्स घातलें. पडदा उजळला, अक्षरें उमटलीं; परंतु वाय-फायचें चिन्ह कांहीं केल्या दिसेना. दुरुस्तीच्या दुकानांत उत्तर मिळालें, “यंत्र निकामी झालें, नवें घ्या.” वडिलांच्या श्रमाचा पैसा आपल्या हातून व्यर्थ गेला, असें वाटून मुलगा रडकुंडीस आला. तो लॅपटॉप आमच्याकडे आल्यावर दोष कसा सांपडला, तें येथें क्रमवार सांगण्याचें योजिलें आहे. कारण असा प्रसंग कोणाच्याहि घरीं येण्याजोगा आहे.

प्रथम ही बिनतारी जोडणी म्हणजे काय, तें पाहूं. घरांतील राउटर रेडिओच्याच जातीच्या लहरी सोडतो. नेहमींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यांतील लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब असते. याच जातीच्या, परंतु पुष्कळ आंखूड लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास प्रयोग केले होते. हा पट्टा भारत सरकारनें २००५ सालीं कमी शक्तीच्या उपकरणांसाठीं परवान्यांतून मुक्त केला.

लॅपटॉपमध्यें या लहरी पकडण्याचें काम एक लहानसें कार्ड करतें. परंतु तें कार्ड आणि संगणकाचा सारा कारभार पाहणारा कर्नेल यांची भाषा एक नसते. त्यांच्यामधील दुभाष्यास ड्रायव्हर म्हणतात. शिवाय पुष्कळशीं कार्डें वीज बंद होतांच शिकलेलें सारें विसरतात. म्हणून ड्रायव्हर त्यांस दर वेळीं फर्मवेअर नांवाचा धडा नव्यानें पढवितो. लहर, कार्ड, खटका, ड्रायव्हर, फर्मवेअर व शेवटीं पासवर्ड, अशी ही सांखळी आहे. एक कडी निखळली कीं काम थांबतें. परंतु थांबलेलें यंत्र म्हणजे मोडलेलें यंत्र नव्हे.

आम्हीं एकेक कडी तपासून पाहिली. त्याच खोलींत मोबाईलवर वाय-फाय लागत होतें. अर्थात् लहर होती. मग टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय हीं अक्षरें इंग्रजींत टंकलीं. या आज्ञेनें आंतील भागांची यादी मिळते. यादींत बिनतारी कार्डाचें नांव निघालें. म्हणजे संगणकास कार्ड दिसत होतें. पुढें ‘आर-एफ-किल लिस्ट’ ही आज्ञा दिली. कार्ड आज्ञेनें बंद केलें असेल तर तें आज्ञेनेंच उघडतां येतें. परंतु बाहेरील खटक्यानें बंद असेल तर खटकाच सरकवावा लागतो. येथें दोन्ही मोकळे होते. शेवटीं ‘सुडो डी-मेसेज’ म्हणतात त्या आज्ञेनें कर्नेलची नोंदवही वाचली. तींत स्पष्ट लिहिलें होतें, कीं फर्मवेअरची फाइल सांपडली नाहीं. दुभाषी हजर होता, धडाच गहाळ होता!

असें कां व्हावें? फर्मवेअर हें बहुधा कार्ड करणाऱ्या कंपनीचें असतें व त्याची मूळ घडण ती उघड करीत नाहीं. म्हणून खुल्या ज्ञानाचा आग्रह धरणारीं कांहीं मंडळें तें आपल्या प्रतींत घालीत नसत. उदाहरणार्थ, डेबियन मंडळानें २०२२ सालीं मतदान घेऊन हा नियम सैल केला, आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असें फर्मवेअर मूळ प्रतींतच येऊं लागलें. आमच्या विद्यार्थ्यानें मित्राकडून आणलेली प्रत जुनी होती.

आतां फाइल उतरवून घ्यावयास जाळें पाहिजे, आणि जाळ्यासाठीं फाइल पाहिजे! हा पेंच मोबाईलनें सोडविला. मोबाईल तारेनें लॅपटॉपला जोडून त्यांतील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलें, फर्मवेअर उतरविलें व यंत्र पुन्हां सुरू केलें. चिन्ह उमटलें, शेजाऱ्यांच्या राउटरांचीं नांवें ओळीनें दिसूं लागलीं, आणि त्यांत त्याच्या घरचेंहि नांव होतें. खर्च एका सायंकाळचा झाला. क्वचित् एखाद्या कार्डास लिनक्सचा ड्रायव्हरच नसतो. तेव्हांहि लॅपटॉप टाकूं नये, लिनक्सवर चालणारें लहानसें यूएसबी वाय-फाय उपकरण लावावें.

विद्यार्थीमित्रांनो, एक सावधगिरी मात्र बाळगा. कोणीं सांगितलेली आज्ञा अर्थ न समजतां ‘सुडो’ या शब्दानिशीं कधींहि देऊं नका. तो शब्द म्हणजे घराच्या साऱ्या किल्ल्या होत. जें केलें तें वहींत टिपून ठेवा. लिनसचें नांव तुम्हीं ऐकलें असेल. लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना लिनक्सचा आरंभ केला, व पुढें असंख्य लोकांनीं आपापलीं टिपणें त्यांत घातलीं म्हणूनच तें वाढलें.

पालकांसहि एक विनंती आहे. कोणी “निकामी” म्हणतांच खिशांत हात घालण्यापूर्वीं “कोणती कडी तुटली?” एवढें अवश्य विचारावें. आमचा विद्यार्थी आतां त्याच लॅपटॉपवर अभ्यास करतो, आणि गल्लींतील दुसऱ्या दोन मुलांचे लॅपटॉप त्यानें आपली वही समोर ठेवून जोडून दिले आहेत.