कुत्र्याला किती दिवसांनी आंघोळ घालावी? आधी प्रश्न नीट मांडू

घाटकोपरच्या एका ज्युनिअरने रस्त्यावरचं अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू घरी आणलं आणि मला मेसेज टाकला: "ताई, पहिली आंघोळ कधी घालू? मग किती दिवसांनी? एखादा पेपर असेल तर पाठव." ती सध्या पीएचडीच्या पेटची तयारी करतेय (या पेटचा त्या पेटशी काही संबंध नाही), म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिलं. तेच इथे वाढवून देतेय. तिची आई म्हणते आजच घाल, घरात वास येतोय. शेजारचे काका म्हणतात लस होईपर्यंत पाणी लावू नकोस. दुकानदाराने गोचिडीचा शाम्पू हातात ठेवला, आठवड्यातून एकदा लाव म्हणाला. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, कारण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत.

सिनॉप्सिस घेऊन गेलात की गाइड पहिलं काय विचारतात? तुम्ही नक्की काय मोजणार आहात? आंघोळीचंही तसंच. वास मोजायचाय, कातडीची तब्येत, गोचिडी, की घरातल्या माणसांची ॲलर्जी? यातलं जे मोजाल, त्याप्रमाणे 'किती दिवसांनी'चं उत्तर बदलतं.

एक छान उदाहरण आहे. १९९९ साली 'जर्नल ऑफ ॲलर्जी अँड क्लिनिकल इम्युनॉलॉजी'मध्ये हॉडसन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्याचा निष्कर्ष शीर्षकातच आहे: कुत्र्याला धुतलं की ॲलर्जन कमी होतं, पण त्यासाठी आठवड्यातून दोनदा धुवावं लागतं. त्यांनी 'कॅन एफ १' नावाचं प्रथिन मोजलं. कुत्र्याच्या केसांवर आणि कोंड्यात ते असतं आणि माणसाला त्याची ॲलर्जी होते. धुतल्यावर ते घटतं आणि काही दिवसांतच पुन्हा पहिल्याइतकं होतं. आता कोणी फक्त 'आठवड्यातून दोनदा' एवढंच उचललं आणि 'संशोधन सांगतं' म्हणून पुढे ढकललं, तर घोटाळा होतो. इतक्या आंघोळीने कुत्र्याच्या कातडीचं काय होतं, हा त्या पेपरचा प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रश्न माणसाच्या नाकाचा होता.

कातडीचा प्रश्न वेगळा. कुत्र्याच्या त्वचेचा बाहेरचा पापुद्रा आपल्यापेक्षा पातळ असतो, पेशींचे साधारण तीन ते पाच थर. आपल्याकडे दहा-पंधरा. त्यावर तेलाचा हलका लेप असतो आणि साबणाने तो निघून जातो. डॉग शाम्पूच्या जाहिरातींत 'कुत्र्याचा पीएच ७.५' असं ठाम सांगतात. प्रत्यक्षात वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा सहाच्या आसपासपासून साडेआठच्या वरपर्यंत गेलेला दिसतो; जातीप्रमाणे आणि शरीराच्या भागाप्रमाणे बदलतो. म्हणजे ७.५ ही सरासरी म्हणून चालेल, नियम म्हणून नाही. तरी माणसाची त्वचा पाचच्या आसपास, त्यामुळे आपला साबण-शाम्पू त्यांना न लावणंच बरं. निरोगी, आखूड केसांच्या देशी कुत्र्याला महिन्यातून एकदा-दोनदा आंघोळ पुरते, असं पशुवैद्य सहसा सांगतात. हा अनुभवाचा सल्ला आहे, प्रयोगातून निघालेला आकडा नाही. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या असतात, पण थिसिसमध्ये त्या एकाच वाक्यात लिहू नका.

आता गोचिडी. मुंबईत रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याचा खरा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. आपल्याकडची तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते: अळी असताना, अर्धवट वाढलेली असताना आणि पूर्ण वाढल्यावर. दरवेळी रक्त पिऊन खाली पडते. मादी अंगावर अंडी घालत नाही. भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, गादीच्या शिवणीत हजारोंनी घालते. म्हणजे आंघोळीने अंगावरच्या गोचिडी निघतील, पण चौकटीमागच्या तशाच राहतील. इथलं हवामान बारा महिने उबदार, त्यामुळे त्यांना सुट्टी नाही. त्यांच्यामार्फत एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. ताप, मलूलपणा, फिकट पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर शाम्पू बाजूला ठेवून रक्त तपासायला न्या. अंगावरची गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढायची. रॉकेल, फिनेल लावणं विषारी आहे, कोणीही सांगितलं तरी नको.

मानेवर सोडायचे औषधाचे थेंब मिळतात. त्यातलं फिप्रोनिल कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. तेलच धुऊन टाकलं तर औषध पसरणार कशातून? म्हणून असे थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको असं सांगतात. तोंडाने द्यायच्या गोळ्यांना ही अट नाही, कारण त्या रक्तातून काम करतात. काहीही देण्याआधी पिल्लाचं वय आणि वजन डॉक्टरांना सांगा. घरात मांजर असेल तर तेही सांगा: पर्मेथ्रिन असलेली कुत्र्याची औषधं मांजराच्या जिवावर बेततात.

आता काकांचं 'लस होईपर्यंत पाणी नको'. 'आंघोळ नको' हे वाक्य तुम्हाला निदान तीन जागी ऐकू येईल आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. थेंबांच्या बाबतीत कारण स्पष्ट आहे, वर आलंच. नसबंदीच्या टाक्यांनंतर दहा-चौदा दिवस नको, तेही सरळ आहे: ओली जखम लवकर चिघळते. लस टोचल्यानंतर आठवडाभर नको, याचं कारण मात्र तेवढं भक्कम नाही. लस कातडीखाली जाते, वरच्या पाण्याने ती धुतली जात नाही. लशीनंतर एक-दोन दिवस पिल्लू मलूल असतं, तेव्हा त्याला गारठवू नये, इतकं पटतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पाळा, नुकसान काहीच नाही.

पण काकांच्या बोलण्यात एक खरी भीतीही आहे, पार्व्होची. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला आणि लस न झालेली पिल्लं अजूनही त्याने दगावतात. इथे साबणाची गंमत बघा. रेबीजच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं. साबण ते फोडतो, म्हणून कुत्रा चावला की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायला सांगतात. पार्व्होला हे आवरणच नाही. तो साबणाला दाद देत नाही, जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. ब्लीचने मरतो, पण ते लादीसाठी, पिल्लासाठी नाही. तेव्हा 'रस्त्यावरची घाण धुऊन टाकू' या विचाराने घातलेली आंघोळ पार्व्होपासून वाचवत नाही. पिल्लू उलट्या करत असेल, रक्ताची हगवण असेल, खात नसेल तर आंघोळ न घालता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग लस एकदाच देऊन का भागत नाही? पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून तयार प्रतिपिंडं मिळतात. ती रोगाला अडवतात आणि लशीलाही अडवतात. हळूहळू ती कमी होतात आणि मधे एक काळ असा येतो की रोग अडवायला ती अपुरी, पण लस वाया घालवायला पुरेशी. हा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत जातात. 'वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशन'च्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे या मालिकेतला शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर हवा. पहिले डोस 'अर्धे' नसतात. प्रत्येक डोस म्हणजे बंद दारावरची एक नवी थाप. कधी उघडेल ते माहीत नसतं म्हणून थापा मारत राहायच्या. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, मग आपल्या देशात दरवर्षी. महापालिकेचा परवाना काढताना तिचा दाखला लागतो.

मोठं कुत्रं आणलं असेल आणि त्याच्या कानाला खाच असेल, तर त्याची नसबंदी झालीय आणि तेव्हा रेबीजची लसही दिलेली असणार. पण खाचेवर तारीख नसते. लस पुन्हा द्या.

मुंबईत लेप्टोही विसरून चालत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर इथे लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून ती कुत्र्यालाही होते आणि कुत्र्याच्या मुतातून माणसाला. या लशीचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात, मग वर्षाला एक. म्हणजे जूनच्या पहिल्या पावसात धावाधाव करून उपयोग नाही. एप्रिल-मेमध्येच सुरू करा. पावसात फिरवून आणलं की पाय धुवा, बोटांमधली जागा कोरडी करा, आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका.

आणि पिल्लाने खेळताना दात लावला, रक्त आलं, तर? पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा. पालिकेच्या रुग्णालयांत मिळतं. 'दहा दिवस वाट बघू' हा इथला नेहमीचा गैरसमज. चावलेलं जनावर दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, एवढाच त्या दहा दिवसांचा अर्थ. तोवर इंजेक्शनं थांबवायची नसतात. आणि पिल्लाच्या अंगात रेबीज मुरत नाही, हे तर त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही; तो मुरायला आठवडे, कधी महिने लागतात.

राहिली आंघोळ. पिल्लू तपासून आणा, दोन-चार दिवस घराला रुळू द्या, तोवर कोमट ओल्या फडक्याने पुसलं तरी आईची वासाची तक्रार मिटेल. मग दुपारच्या उन्हाच्या वेळी, बादलीत कोमट पाणी, निसरड्या लादीवर जुना टॉवेल, पाणी मानेपासून खाली. औषधी शाम्पू असेल तर दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. लावला आणि धुतला तर पैसे वाया. डोक्यावर पाणी ओतू नका, चेहरा फडक्यानेच पुसा. नंतर पूर्ण कोरडं करा, कारण आपल्या दमट हवेत ओलसर राहिलेल्या कातडीवर बुरशी लगेच वाढते. कान बाहेरून पुसा. पिल्लू सारखं डोकं झटकत असेल, कानाला वास येत असेल, तर घरात पडलेले थेंब टाकू नका. आतला पडदा शाबूत आहे का ते डॉक्टर आधी बघतात, काही औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर बहिरेपण येऊ शकतं.