भूल, भीती आणि फोनोग्राफ

मी भूलतज्ज्ञ आहे. नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव, जिथून बोलावणं येईल तिथे जातो. भूल दिली की माणूस गाढ झोपतो, अशी आपली समजूत असते. पण कमरेखालच्या बऱ्याच शस्त्रक्रियांना आम्ही पाठीच्या मणक्यांमधून इंजेक्शन देतो. पाय बधिर होतात, माणूस मात्र जागा असतो. दुखत नाही, पण ऐकू सगळं येतं. हाडाची शस्त्रक्रिया असली तर ड्रिलचा आवाज आणि हातोडीचे ठोकेसुद्धा!

आंबेगाव तालुक्यातल्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना धीर यावा म्हणून मी मोबाईलवर सारंगी लावली. दोन मिनिटांत आजी म्हणाल्या, "डाक्टर, ते बंद करा. कुणी मोठं मानूस गेलं की रेडिओवर असंच वाजवत्यात." मी ओशाळलो. मग त्यांनीच सांगितल्याप्रमाणे गवळण लावली. मॉनिटरवर धावणारी नाडी हळूहळू खाली आली. ते श्रेय गवळणीचं किती आणि मी दिलेल्या औषधाचं किती, हे सांगणं अवघड आहे.

हा उद्योग मोबाईलच्या कितीतरी आधीचा आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी त्याचा उपचारासाठी उपयोग करून १८९९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. रुग्णाच्या डोक्यावर कान झाकणारी टोपी घालायची, तिच्यापासून फोनोग्राफपर्यंत नळी जोडायची आणि झोपण्यापूर्वी व झोपेतही संगीत ऐकवायचं. जोडीला पडद्यावर रंगीत आकृत्या. झोपेत विचारशक्ती मंदावते, तेव्हा सूर थेट मनाच्या तळाशी पोचतात आणि उदास विचार हटवतात, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी मेणाच्या नेहमीच्या नळकांड्यावर जेमतेम दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण मावे. रुग्ण झोपला तरी यंत्रापाशी कुणाला तरी जागावं लागत असणार! त्यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही.

गंमत अशी, की याच कॉर्निंगनी १८८५ साली पाठीच्या कण्यापाशी कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर केला होता. पुढे १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी ही पद्धत प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी वापरली. म्हणजे आजींच्या पाठीतलं इंजेक्शन आणि कानातली गवळण, दोन्हींचा माग एकाच माणसापर्यंत जातो.

शस्त्रक्रियागृहातला फोनोग्राफ मात्र पेनसिल्व्हानियातल्या इव्हान ओ'नील केन या सर्जनचा. १९१४ साली त्यांनी अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात त्याविषयी लिहिलं. जागेपणी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णाचं लक्ष भीतीवरून दुसरीकडे वळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. झोपेतल्या मनाच्या गूढापेक्षा मला हे साधं कारण जास्त पटतं. केन स्वतः धीराचे. १९२१ साली त्यांनी जागा बधिर करून आपलं अपेंडिक्स आपल्याच हाताने काढलं!

पुरावा काय, असं कुणीही विचारेल. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सुमारे सात हजार रुग्ण. संगीत ऐकवलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि चिंता कमी आढळली, वेदनाशामक औषधंही कमी लागली. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. म्हणजे संगीत भुलेची जागा घेत नाही, जखमही लवकर भरत नाही. अमुक रागाने अमुक रोग बरा होतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सारंगीच्या प्रसंगानंतर मी आदल्या दिवशीच विचारून ठेवतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथे गण-गवळण मागणारे भेटतात, भजन मागणारेही. हेडफोन एकाच कानात, आवाज बेताचा, कारण माझं बोलणं रुग्णाला ऐकू गेलं पाहिजे. सर्जनला अडथळा वाटला तर ताबडतोब बंद.

हर्नियासाठी आलेल्या एका शेतकऱ्याला काहीच ऐकायचं नव्हतं. टोमॅटोच्या क्रेटला सकाळी काय भाव निघाला, तेवढं कळलं तर बरं, म्हणाला. वॉर्डबॉयला बाहेरून विचारून यायला सांगितलं. भाव बरा निघाला होता. मग तो निवांत पडून राहिला.