ट्रायपॉडचे वजन आणि घाटातला वारा

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, कसारा घाटाच्या माथ्यावर वसलेल्या इगतपुरीत पावसाळ्यात येणाऱ्या छायाचित्रकाराला पावसाइतकीच अडचण होते ती प्रकाशाच्या तुटवड्याची. भर दुपारच्या उन्हाच्या तुलनेत दाट ढगांखाली प्रकाश साधारण आठपट कमी असतो, आणि धुके उतरलेल्या झाडीत संध्याकाळी तो हजारपटही घटू शकतो. ही तूट भरून काढण्याचे मार्ग तीन : भिंगाचे छिद्र मोठे करणे, संवेदकावरील क्षीण संकेत वाढवणे, म्हणजेच आयएसओ चढवणे, किंवा शटर अधिक वेळ उघडे ठेवणे. छिद्राला भिंगाची मर्यादा असते आणि चढ्या आयएसओने चित्र दाणेदार होते. त्यामुळे बऱ्याचदा तिसराच मार्ग उरतो, आणि शटर जितका वेळ उघडे तितका वेळ कॅमेरा निश्चल ठेवण्याचा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न ट्रायपॉडशिवाय सुटतच नाही, असे मात्र नाही. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा असा की शटरचा वेळ भिंगाच्या मिलिमीटरमधील केंद्रांतराच्या व्यस्तापेक्षा जास्त नसावा. म्हणजे २४ मिलिमीटरच्या भिंगासाठी तो सेकंदाचा पंचविसावा भाग ठरतो. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत हाताच्या कंपाच्या उलट दिशेने संवेदक किंवा भिंगातला एखादा घटक हलवणारी स्थिरीकरणाची यंत्रणा असते. तिने चार स्टॉपचा लाभ दिला (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप), तर तोच वेळ कागदावर सोळापट, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो. इगतपुरीजवळच्या त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या जैन लेण्यासारख्या ठिकाणी, जिथे कोरीव काम जागचे हलत नाही आणि पाठ टेकायला दगडी भिंत असते, तिथे एवढ्यावर काम भागू शकते. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायचा तर वेगळी परवानगी काढावी लागते, हेही निघण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे.

ट्रायपॉडला खरोखर पर्याय नसतो तो रात्री. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकताना दिसते, म्हणून तारे ठिपक्यांसारखे हवे असतील तर २४ मिलिमीटरच्या भिंगाने शटर जेमतेम २० सेकंद उघडे ठेवता येते. पण तेवढे २० सेकंदही कोणाचा हात स्थिर राहत नाही. काजव्यांचे काम त्याहून कठीण आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत, इगतपुरीहून घोटीमार्गे गाठता येणाऱ्या भंडारदऱ्याच्या परिसरात आणि पुरुषवाडीकडे झाडेच्या झाडे लुकलुकतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांमधील मीलनाचा संकेत असल्याने तिथे फ्लॅश किंवा विजेरी वापरणे म्हणजे तो संवादच तोडणे होय. त्यातच एकेक लुकलुक क्षणिक असल्यामुळे, पाहणाऱ्याला थक्क करणारी चित्रे बहुधा एकाच जागेवरून अर्धा-पाऊण तास घेतलेल्या अनेक चित्रांचे थर एकत्र करून तयार होतात, आणि एवढ्या वेळात कॅमेरा केसभर सरकला तरी थर जुळत नाहीत.

सामान पाठीवर वाहणाऱ्याला हलका ट्रायपॉड हवासा वाटणे साहजिक आहे, परंतु त्या हलकेपणाची किंमत कशात मोजावी लागते हे दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. तिथे छापलेला भारक्षमतेचा आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही, आणि कॅमेरा पेलणे ही कंप शमवण्याहून फार सोपी गोष्ट आहे. खरा निकष ताठरपणाचा, म्हणजे बल लागल्यावर न वाकण्याच्या गुणाचा. भिंतीची जाडी तीच ठेवली तर पोकळ नळीचा ताठरपणा साधारणपणे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे २८ मिलिमीटरची नळी २२ मिलिमीटरच्या नळीच्या दुप्पट ताठर असते. पायाची नळी २५ मिलिमीटरपासून सुरू होऊन दर टप्प्याला तीन मिलिमीटरने बारीक होत गेली, तर तीन टप्प्यांच्या पायाचा शेवटचा भाग १९ मिलिमीटरचा राहतो आणि पाच टप्प्यांच्या पायाचा अवघा १३ मिलिमीटरचा, म्हणजे ताठरपणात सुमारे एकतृतीयांश. मिटल्यावर पिशवीत मावणारा ट्रायपॉड पूर्ण उघडल्यावर लव्हाळ्यासारखा डुलतो तो याच कारणाने. मधल्या खांबाचा हिशेबही असाच कठोर आहे. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाने वाढते, म्हणून खांब दुप्पट उंचावला की तो आठपट वाकतो.

कार्बन तंतूंची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे साठ टक्के असते आणि त्यांत कंप लवकर विरतात, हे खरे. पण सांधे, कळा आणि कॅमेरा बसवायचे डोके बहुतांशी धातूचेच असल्याने संपूर्ण ट्रायपॉडच्या वजनातली बचत तेवढी होत नाही, किंमत मात्र पुष्कळ चढते. तुटपुंज्या पैशांत जाड नळ्यांचा, कमी टप्प्यांचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड हा बारीक नळ्यांच्या कार्बनच्या ट्रायपॉडपेक्षा शहाणा सौदा ठरतो.

घाटमाथ्यावरील वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. खांबाला पिशवी अडकवल्याने गुरुत्वमध्य खाली येऊन ट्रायपॉड कलंडण्याची भीती कमी होते, पण नळ्या त्यामुळे अधिक ताठर होत नाहीत, आणि पिशवी झोके घेऊ लागली तर नवाच कंप सुरू होतो. म्हणून तिचा तळ जमिनीला टेकलेला असावा. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावणे, आणि जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद करणे, हे बिनवजनाचे उपाय त्याहून अधिक उपयोगी पडतात.

कळसूबाईसारख्या १६४६ मीटर उंच शिखरावर पहाटेच्या अंधारात लोखंडी शिड्या चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, आणि तिथे ट्रायपॉड घरीच ठेवण्याचा मोह होतो. कापडी पिशवीत धान्य भरून केलेला बीनबॅग अशा वेळी दगडावर किंवा कठड्यावर कॅमेरा घट्ट बसवतो. पिशवी रिकामी न्यावी आणि भातगिरण्यांच्या घोटीत दीड-दोन किलो तांदूळ घेऊन आत प्लास्टिकची पिशवी घालून भरावी, म्हणजे प्रवासभर वजनही वाहावे लागत नाही. कॅमेऱ्याच्या तळाच्या छिद्रात बसणारा पाव इंची बोल्ट आणि त्याला बांधलेली दोरी पायाखाली दाबून वर ताणली, तरी वर-खाली होणारे कंप बरेच आवरतात, अर्थात सेकंदाच्या अंशापुरतेच.

ट्रायपॉड घ्यायचाच असेल तर त्याची उंची सर्वांत बारीक टप्पा मिटलेला आणि खांब खाली ठेवून मोजावी. पडदा वळवता येणाऱ्या कॅमेऱ्याला कमरेएवढी उंची बहुतेक वेळा पुरते. अपवाद भातखाचरांचा आणि ओढ्याकाठचा. तिथे हाच बारीक टप्पा उघडावा लागतो, कारण मिटून ठेवला तर त्याची कळ चिखलात बुडते आणि वाळूचे कण आत शिरून ती अडकते; थोडा ताठरपणा गमावून कळ कोरडी ठेवणे तिथे परवडते. परतल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि उघडेच वाळवावेत.