शिधापत्रिकेवरील गहू आणि शेगावची डोकी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोके साफ! लग्नाच्या मुलींनी तोंड लपवले, तरुणांनी उरलेले केस वस्तऱ्याने काढून टाकले. आधी शांपूवर आळ आला, मग बुरशीवर, मग विहिरीच्या पाण्यावर. पुढे एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखेही गळू लागली.

या कोड्याचा माग काढला तो आमच्या कोकणातील महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. विंचूदंशावरील उपचारासाठी ज्यांचे नाव जगात झाले, तेच हे डॉक्टर. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत त्यांना सेलेनियम बेसुमार आढळले, जस्त मात्र कमी. त्यांनी बोट ठेवले ते रास्त भावाच्या दुकानातून मिळालेल्या, पंजाबातून आलेल्या गव्हावर. स्थानिक गव्हाच्या सहाशे पट सेलेनियम त्यात असल्याचे त्यांचे म्हणणे आहे.

सेलेनियम हे काही वैऱ्याचे नाव नव्हे. कंठग्रंथीचे काम त्यावाचून नीट चालत नाही. चीनमधील केशान परगण्यात ते मातीतच कमी असल्याने लोकांची हृदये दुबळी झाली. फिनलंडने तर १९८४ पासून ते खतातून शेतात घातले. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला बांगडा-तारलीतून ते सहज मिळते. मोठ्या माणसाला दिवसाकाठी लागते ते एका ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाहूनही थोडे; त्याच्या सात-आठ पटींच्या पलीकडे धोक्याची हद्द सुरू होते.

पंजाबात होशियारपूर व नवांशहर भागांतील काही जमिनींत हे द्रव्य फार आहे. रोप ते मुळातून शोषून दाण्यात साठवते. म्हणून गहू कितीही धुवा, गृहिणीचा इलाज चालत नाही. ज्वारीची भाकरी सुटून ताटात सरकारी गव्हाची पोळी आली, ती विदर्भातच नव्हे. पोटासाठी सुरतेच्या बमरोलीसारख्या वस्तीत गेलेल्या खानदेशी गिरणी कामगाराचाही शिधा दुसऱ्याच प्रांतातल्या शेतात पिकलेला असू शकतो. पोत्यावर शेताचे नाव नसते.

खरेदीच्या वेळी ओलावा पाहतात, कचरा पाहतात, फुटका दाणा मोजतात. सेलेनियमयुक्त जमिनी शास्त्रज्ञांना केव्हाच ठाऊक आहेत. तेथील गहू वेगळा ठेवून तपासावा आणि तपासणीचा आकडा रास्त भावाच्या दुकानाच्या फळ्यावर लिहावा, एवढीच आमची अन्नखात्याकडे मागणी आहे.