डिचोलीची समई आणि उजेडाचा हुन्नर

डिचोलीच्या कासाराकडची समई डोळ्यांना जितकी सहज दिसते तितकी ती कॅमेऱ्याला दिसत नाही, हे ज्याने एकदा तरी पितळेचे छायाचित्र घेण्याचा उद्योग केला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. नजर फिरती असते. डोळा किंचित हलला की पितळेवरची झळाळी हलते, आणि त्या हलण्यावरूनच मनाला गोलाईचा, जडपणाचा आणि धातूच्या जातीचा बोध होतो. कॅमेरा मात्र एका जागी खिळून एकाच डोळ्याने पाहतो, आणि त्याला जे दिसते ते बहुधा समईत पडलेले खोलीचे प्रतिबिंब असते: खिडकीचा पांढरा चौकोन, ट्यूबलाइटची रेघ, भिंतीवरचे कॅलेंडर आणि मध्यभागी तिपाईमागे वाकलेला छायाचित्रकार. विक्रीच्या वस्तूंचे छायाचित्र घेण्याचा, ज्याला धंद्यात सरसकट ‘प्रॉडक्ट शूट’ म्हणतात त्याचा, सारा हुन्नर या अडचणीच्या परिहारात सामावलेला आहे. आणि त्या हुन्नराची कसोटी पाहणारे जिन्नस उत्तर गोव्याच्या पेडणे व डिचोली या दोन महालांत एकमेकांच्या शेजारी नांदतात. डिचोलीचे पितळ व तिथलीच भाजलेली माती, हरमलची मिरची आणि काजूची फेणी यांपैकी प्रत्येकाचे उजेडाशी असलेले नाते निराळे आहे.

छायाचित्रणाच्या विद्येशी पेडण्याचा संबंध तसा जुना आहे. मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, तेव्हा या नव्या कलेत रस घेणाऱ्या एतद्देशीयांत भाऊ दाजी अग्रभागी होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तर वैद्यकी सांभाळून स्वतः छायाचित्रकार म्हणून लौकिक मिळवला. त्या काळी काचेवर कोलोडियनचा लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे, विजेचा दिवा नव्हता, आणि जो काही उजेड मिळायचा तो सूर्याच्या कृपेने. म्हणून जुने स्टुडिओ काचेचे छप्पर किंवा मोठी तावदाने उत्तरेकडे ठेवून बांधीत, कारण उत्तरेच्या आकाशाचा उजेड दिवसभर सारखा, थंड आणि मऊ असतो असा युरोपचा अनुभव होता. हा नियम गोव्यात बाराही महिने लागू पडत नाही, ही गोष्ट पुस्तकावरून शिकणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. डिचोली आणि पेडणे हे महाल साधारण साडेपंधरा अक्षांशांच्या थोडे वर येतात. परिणामी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत उतरू शकते. त्यातला पुष्कळसा काळ पावसाच्या ढगांनी झाकला जातो हे खरे. परंतु मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी काम उरकण्याची घाई असताना, उत्तरेच्या खिडकीवर विसंबून समई मांडणाऱ्याने खिडकीला पांढरे मलमल लावण्याची तजवीज आधीच केलेली बरी.

कृत्रिम दिवे आल्यावर सूर्यावरचे हे अवलंबन संपले, पण प्रकाशाचे कायदे बदलले नाहीत. दिव्याचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पडणारा उजेड एक चतुर्थांश उरतो. सावली मऊ पडेल की करकरीत, हे दिव्याच्या शक्तीवर नाही, वस्तूच्या मानाने तो किती मोठा दिसतो यावर ठरते. म्हणूनच लहानसा बल्ब मोठ्या पांढऱ्या कापडाआड ठेवला की तोच मवाळ होतो, आणि तो कापडाचा पडदा दूर नेला की पुन्हा कठोर होऊ लागतो. तिसरा कायदा शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो: किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परावर्तित होतो. मातीच्या वस्तूला हा तिसरा कायदा फारसा जाचत नाही, कारण तिचा खडबडीत पृष्ठभाग उजेड चहूकडे विखरून टाकतो. पितळेच्या बाबतीत मात्र तोच एकटा अंमल गाजवतो. घासूनपुसून लख्ख केलेले पितळ स्वतःचे असे फारच थोडे दाखवते, आणि जे समोर असेल ते आपल्या पिवळ्या रंगात बुडवून परत करते. समोर काळोख असेल तर पितळ काळे दिसते, सगळीकडे पांढरे असेल तर ते निस्तेज, जवळजवळ रंग दिल्यासारखे दिसते. म्हणून समईवर उजेड टाकायचा ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. समईला काय दिसावे, याची मांडणी करावी लागते.

ही मांडणी प्रत्यक्ष पाहण्यासारखी असते. समई एकसंध नसते. बैठक, दांडा, वातींसाठी चोची काढलेली ताटली आणि वरचा हंस किंवा मोर हे भाग वेगवेगळे घडवून आट्यांनी एकमेकांत बसवलेले असतात, आणि प्रत्येक भागाचा आकार निराळा असल्यामुळे प्रत्येकाला खोलीचा निराळा भाग दिसतो. उभ्या दांड्यासाठी दोन्ही बाजूंना, किंचित मागे, ट्रेसिंग पेपर ताणलेल्या दोन अरुंद उंच चौकटी उभ्या करतात आणि त्यांच्यामागे दिवे ठेवतात. मग दांड्याच्या दोन्ही अंगांवरून वरपासून खालपर्यंत एकेक अखंड उजळ रेघ उतरते, आणि डोळ्याला तो दांडा गोल असल्याचे तत्काळ पटते. दिवा कागदाला चिकटून असेल तर त्या रेघेच्या मधोमध भगभगीत ठिपका पडतो; वीतभर, हातभर मागे घेतला तर तोच उजेड कागदावर पसरतो आणि कडेकडेने विरत जातो, आणि हे विरत जाणे म्हणजेच धातूची श्रीमंती. आडव्या ताटलीला छत दिसते, तेव्हा तिच्यासाठी वर तिरका पांढरा पुठ्ठा बांधावा लागतो. दांड्यावरच्या फुगीर मण्यांना मात्र सारीच खोली दिसते, कॅमेऱ्यासकट. म्हणून सभोवार पांढरे कापड लावून त्याला भिंगापुरती फट ठेवतात. एवढे करूनही समईची कड पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळू लागते, आणि तेव्हा ज्याचा नवशिक्याला सर्वांत उशिरा उलगडा होतो तो उपाय कामी येतो: काळ्या पुठ्ठ्याची दोन बोटे रुंद पट्टी. ती चित्राच्या चौकटीबाहेर योग्य कोनात धरली की तिची काळी रेघ पितळेच्या कडेवर उमटते आणि आकृती एकदम ठसठशीत होते. चित्रात उजेडाइतकाच काळोखही मांडावा लागतो, आणि माझ्या मते काळ्या पट्टीचा उपयोग ज्याला कळला त्यालाच हा हुन्नर कळला.

प्रज्वलित समईचे चित्र ही त्यापुढची पायरी. तेलवातीच्या ज्योतीचा उजेड तांबूस असतो, शास्त्राच्या मापाने दोन हजार केल्व्हिनच्या आसपास. फ्लॅशचा साधारण साडेपाच हजार, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. दोघांना एकत्र आणताना एका गोष्टीचा लाभ होतो. फ्लॅश डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच लुप्त होतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडे राहिले याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ज्योत मात्र शटर उघडे असेपर्यंत चित्रात भरत राहते. म्हणजे पितळेचा उजळपणा भिंगाच्या छिद्राने बेतायचा आणि ज्योतीचा शटरच्या वेळेने. खोली अंधारी करून, पंखा बंद करून पाव सेकंद शटर उघडे ठेवले, फ्लॅशवर पिवळसर जिलेटिनचा कागद लावून त्याचा गारवा कमी केला, की ज्योत आणि धातू एकाच घरातले दिसू लागतात. वात मात्र बेताची हवी. काजळी धरली की वरच्या हंसाची मान काळवंडते, आणि मग चिंचेने घासण्यापासून पुन्हा आरंभ.

फेणीच्या बाटलीचा प्रश्न पितळेच्या नेमका उलट आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण काचेत भरलेला तो पाण्यासारखा नितळ द्रव चित्रात दिसावा कसा? काच आणि द्रव दोन्ही पारदर्शक. समोरून उजेड टाकला तर बाटली हरवते आणि दिव्याचा डाग तेवढा उरतो. म्हणून उजेड मागून आणतात. मागची उजळ पार्श्वभूमी चौकटीपुरतीच ठेवून तिच्या बाहेर सर्व काळे केले, तर काचेच्या कडा वळताना तो बाहेरचा काळोख वाकवून आत आणतात आणि बाटली काळ्या रेषेने रेखाटल्यासारखी उमटते. मांडणी उलटी केली, म्हणजे मोठ्या उजळ पडद्यापुढे चौकटीएवढा काळा पुठ्ठा धरला, तर त्याच कडा चांदीच्या तारेसारख्या पेटतात. काजूच्या भट्टीशी नाते सांगणाऱ्या मद्याला मला ही दुसरी, काळोखातली रीत अधिक शोभते असे वाटते, कारण द्रवाची निर्मळता तीत निःसंदिग्ध प्रकट होते.

हरमलच्या मिरचीला हे मानांकन २०२१ साली लाभले. तिच्यासाठी एकच दिवा पुरतो, तो बाजूने, जमिनीलगत, मागच्या अंगाला. वाळलेल्या सालीची प्रत्येक सुरकुती उभी राहते आणि लाल रंग आतून पेटल्यासारखा होतो. डिचोलीच्या मडक्यालाही हाच तिरपा उजेड मानवतो. चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी उठवलेली वलये समोरच्या उजेडात दिसतच नाहीत.

आणि येथे मला एक आग्रहाचे सांगणे आहे. आज विक्रीसाठी घेतलेल्या पुष्कळ चित्रांत पितळ इतके गुळगुळीत, इतके निर्दोष दाखवलेले असते की डिचोलीची समई आणि साच्यातून निघालेली यांत्रिक नक्कल यांत ग्राहकाला अंतर कळू नये. समईच्या बैठकीवर लेथच्या पात्याने ओढलेली बारीक वर्तुळे असतात, हंसाच्या पंखावर कानशीची खूण असते, जोडाच्या आट्यापाशी कारागिराचा हात थांबलेला कळतो. चारी बाजूंनी सारखा उजेड ओतला की हे सर्व पुसले जाते, आणि संगणकावर उरलेसुरले पुसून टाकायला तर क्षणही लागत नाही. त्याने चित्र देखणे होत असेल. मालाचा तपशील मात्र खोटा ठरतो, आणि ज्या खुणांमुळे हातच्या कामाला चार पैसे अधिक मिळायचे त्याच नाहीशा होतात.

तेव्हा जे कासार, जे दुकानदार आणि जे तरुण छायाचित्रकार आपल्या महालांतला माल दूरच्या गिऱ्हाइकापुढे मांडतात, त्यांना विनंती एवढीच की पूर्ण समईचे रीतसर चित्र घेऊन झाल्यावर दोन्ही मोठे दिवे मालवावेत, एकच लहान दिवा बैठकीलगत तिरपा धरावा, आणि पात्याच्या त्या वर्तुळांचे एक जवळचे चित्र घेऊन तेही पहिल्या चित्राशेजारी छापावे. त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक दिवा, थोडा ट्रेसिंग पेपर आणि काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी. हे सर्व डिचोलीच्या बाजारात मिळते.